तामेतचे कागद: नाईलच्या बेटावरच्या एका यहुदी घराची गोष्ट

इ.स.पू. ४४९ मध्ये इजिप्तच्या दक्षिण टोकाला, नाईल नदीतल्या एका छोट्या बेटावर, अनन्याह नावाचा माणूस मशुल्लामच्या घरी गेला आणि त्याच्या दासीला मागणी घातली. अनन्याह हा बेटावरच्या याहोच्या मंदिराचा सेवक. याहो म्हणजे बायबलमध्ये ज्याला इस्राएलचा देव म्हटले आहे तोच. मशुल्लामही यहुदीच; व्याजाने पैसे देणारा, घरात गुलाम बाळगणारा. दासीचे नाव तामेत. ती इजिप्शियन होती. मागणी घालायच्या आधीच तिला अनन्याहपासून पिल्ती नावाचा मुलगा झालेला होता.

मशुल्लामने होकार दिला. लेखनिक आला, साक्षीदार आले आणि पपायरसवर करार लिहिला गेला. 'ती माझी बायको आणि मी तिचा नवरा, आजच्या दिवसापासून कायमचा,' असे अनन्याहने त्यात म्हटले. तामेत मात्र लग्नानंतरही मशुल्लामची दासीच राहिली.

इथून पुढची सत्तेचाळीस वर्षे या घरात काय काय घडले, ते त्यांच्याच कागदांवरून सांगता येते. प्राचीन यहुदी कुटुंबाबद्दल आपण बोलतो तेव्हा सहसा अब्राहाम, सारा, याकोब, रूथ यांच्या कथा डोळ्यांसमोर असतात, किंवा मोशेच्या नावावरचे नियमशास्त्र. माझ्या मते एखाद्या काळची माणसे कशी जगली हे पाहायचे असेल तर त्यांचे करारमदार आधी वाचावेत आणि नियमांची पुस्तके नंतर. तामेतच्या घराइतके याचे चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

बेट, तळ आणि मंदिर

बेटाचे नाव एलिफंटाइन. अरामी कागदांत त्याला 'येब' म्हणतात. समोर पूर्व काठावर सुएने, म्हणजे आजचे अस्वान. नाईलचा पहिला धबधबा इथेच आहे आणि त्याच्या पलीकडे नुबियाचा मुलूख सुरू होतो, त्यामुळे इजिप्तवर राज्य करणाऱ्या प्रत्येकाने इथे फौज ठेवली. इ.स.पू. ५२५ मध्ये इराणच्या कॅम्बिसिसने इजिप्त जिंकला. येबच्या यहुद्यांनी पुढे एका अर्जात लिहिले आहे की आमच्या वाडवडिलांनी हे मंदिर इजिप्तच्या राजांच्या काळातच बांधले होते आणि कॅम्बिसिस आला तेव्हा ते उभे होते. म्हणजे यहुदी शिपाई इथे इराण्यांच्या आधीपासून राहत होते.

इराणी अमलात ते राजाच्या पगारावर होते. कोठारातून धान्य मिळे, चांदी मिळे. शेजारीपाजारी अरामी, इजिप्शियन, कॅस्पियन, ख्वारेझ्मी अशी सगळी सरमिसळ. बोलणे-लिहिणे अरामी भाषेत. कोणी स्वतःला 'येबचा यहुदी' म्हणवी, तर तोच माणूस दुसऱ्या कागदात 'सुएनेचा अरामी' म्हणून येई, आणि त्यात कोणाला काही खटकत नसे.

यहुद्यांच्या वस्तीतच याहोचे मंदिर होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या नियमांच्या पुस्तकात स्पष्ट सांगितले आहे की यज्ञ एकाच ठिकाणी करावा, देव निवडील त्या जागी. त्याचा अर्थ यरुशलेम असा घेतला गेला. येबमध्ये मात्र वेदी होती, त्यावर होमबली, अन्नबली आणि धूप वाहिला जाई. आपण काही चुकीचे करतो आहोत अशी पुसटशी शंकाही या लोकांच्या लिखाणात दिसत नाही. उलट मंदिर पडले तेव्हा त्यांनी यरुशलेमच्याच प्रमुख याजकाला पत्र लिहून मदत मागितली होती.

लग्नाचा करार

आता पुन्हा ४४९च्या त्या कागदाकडे येऊ. तो मुद्दाम जवळून बघण्यासारखा आहे, कारण त्यावर खाडाखोड आहे. ओळी खरवडून काढलेल्या आहेत, वर नवीन शब्द घातले आहेत, काही मजकूर मागून जोडला आहे. लिहिता लिहिता दोन्ही बाजूंत घासाघीस चालली होती, हे उघड दिसते. लेखनिकाने नमुन्याप्रमाणे लिहायला घेतले असेल. मग कोणीतरी म्हणाले असेल, 'हे असे नको.'

तामेतने बरोबर आणले ते थोडकेच. सात शेकेल (शेकेल म्हणजे चांदीचे एक वजन) किमतीचे एक लोकरी वस्त्र, एक आरसा, पायातल्या वहाणांचा जोड, थोडेसे सुगंधी तेल, एरंडेल. वस्तूंची सगळी बेरीज सात शेकेलच्या थोडी वर. नवऱ्याने वधूच्या घरी द्यायचे मोहर, म्हणजे वधूमूल्य, या करारात नाहीच. दासीला बाप नव्हता. मशुल्लाम मालक होता.

पण काडीमोडाचे कलम वाचले की आपण थबकतो. अनन्याहने लोकांसमोर उभे राहून 'मला माझी बायको तामेत नकोशी झाली' असे म्हटले, तर घटस्फोटाचा दंड त्याच्या डोक्यावर: साडेसात शेकेल चांदी द्यायची, आणि तामेतने आणलेली प्रत्येक वस्तू, 'काडीपासून दोरीपर्यंत', तिने घेऊन जायची. आणि तामेतने उभे राहून 'मला माझा नवरा अनन्याह नकोसा झाला' असे म्हटले, तर? तिनेही तेवढेच साडेसात शेकेल द्यायचे आणि आपले स्त्रीधन घेऊन चालू लागायचे.

दोघांना एकच हक्क आणि एकच दंड. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सूटपत्र लिहून देतो तो नवरा. बायकोने नवऱ्याला सोडण्याची सोय तिथे नाही, आणि पुढच्या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, कायद्यातही सूटपत्र देण्याचा अधिकार पुरुषाकडेच राहिला. येबमध्ये मात्र दुसऱ्याच्या मालकीची असलेली एक परदेशी दासी, कायद्याच्या भाषेत, नवऱ्याला सोडू शकत होती. ती रीत शेजारच्या इजिप्शियन समाजातून आली असेल असे मला वाटते, कारण इजिप्तमध्ये बायकांना असा हक्क होता. कुठूनही आलेली असो, येबच्या यहुद्यांनी ती आपली केली होती. मिब्टाहियाह नावाच्या तिथल्या एका सधन यहुदी बाईच्या लग्नाच्या करारातही असेच कलम आहे.

या कागदाचा खरा पेच होता मुलगा. दासीची संतती मालकाची, हा त्या काळचा सरसकट नियम. निर्गम पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातही मालकाने गुलामाला बायको करून दिली असेल तर ती आणि तिची मुले मालकाकडेच राहतात. म्हणजे पिल्ती हा अनन्याहचा मुलगा असूनही मशुल्लाम त्याला कधीही ओढून नेऊ शकला असता. करारात ही वाट बंद केली आहे. मशुल्लामने पिल्तीला तामेतकडून काढून घेतले तर त्याने मोठा दंड भरायचा. अपवाद एकच, अनन्याहने तामेतला सोडले तर. थोडक्यात, बाप आईला नांदवतो आहे तोवर मूल त्यांचे. बापाने हात झटकले की मूल मालकाकडे परत.

हे कलम मी पुन्हा पुन्हा वाचतो. अनन्याहला बायकोपेक्षा मुलाची काळजी अधिक होती की तामेतनेच हे धरून लावले, हे कागद सांगत नाही. पण खाडाखोड कशासाठी झाली असेल याचा अंदाज बांधायचा झाला, तर मी या कलमाकडे बोट दाखवीन.

मशुल्लाम

मशुल्लामला खलनायक करून सोडून देणे सोपे आहे. तो तसा नव्हता, आणि संतही नव्हता. इ.स.पू. ४५६चा त्याचा एक कर्जरोखा आहे. यहोहेन नावाच्या यहुदी बाईला त्याने चार शेकेल उसने दिले, दरमहा शेकेलमागे दोन हल्लूर व्याजाने. एका शेकेलचे चाळीस हल्लूर, म्हणजे महिन्याला शेकडा पाच टक्के, वर्षाला साठ. आपल्या भाऊबंदांकडून व्याज घेऊ नये, हा मोशेच्या नियमशास्त्रातला अगदी ठळक नियम. इथे यहुदी सावकार यहुदी बाईकडून उघडपणे, साक्षीदारांसमोर व्याज घेतो आहे, आणि ते लिहूनही ठेवतो आहे.

म्हणून म्हणतो, नियमाचे पुस्तक वाचून घर कसे चालले हे कळत नाही. येबच्या उत्खननात अहिकार नावाच्या शहाण्या मंत्र्याच्या नीतिकथा सापडल्या, इराणचा राजा पहिला दारयवहू याच्या बेहिस्तून इथल्या शिलालेखाची अरामी प्रत सापडली. तोराची, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राची, एक ओळही सापडली नाही.

घर आणि त्यातला वाटा

लग्नानंतर बारा वर्षांनी, इ.स.पू. ४३७ मध्ये, अनन्याहने बगजुश्ता आणि त्याची बायको उबिल या कॅस्पियन जोडप्याकडून एक पडके घर विकत घेतले. किंमत चौदा शेकेल. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या आहेत, आणि त्यांवरून या कुटुंबाचे सगळे जग समोर उभे राहते. एका अंगाला रस्ता ओलांडला की याहोचे मंदिर, दुसऱ्या अंगाला ख्नूमची हद्द. ख्नूम हा मेंढ्याच्या मुखाचा इजिप्शियन देव, नाईलच्या पुराचा मालक आणि या बेटाचे ग्रामदैवतच. मंदिराचा सेवक आणि त्याची इजिप्शियन बायको या दोन देवांच्या मधल्या जागेत राहायला आले.

तीन वर्षांनी, ४३४ मध्ये, अनन्याहने या घराचा एक भाग तामेतच्या नावे करून दिला. 'प्रेमाने दिला' असे शब्द दस्तात आहेत. हे त्या काळच्या दानपत्रांतले ठरीव शब्द आहेत, तरी ते कोणाला उद्देशून लिहिले आहेत ते पाहा. तामेत अजून मशुल्लामची दासी होती. मालकीची बाई स्वतः घराची मालकीण झाली. तिच्यामागून तो वाटा पिल्ती आणि मुलगी यहोयिश्मा यांना मिळावा, असेही अनन्याहने लिहून ठेवले. या दस्तावर साक्षीदार म्हणून इराणी मागी पुरोहितांची नावे आहेत. याहोच्या सेवकाने आपल्या इजिप्शियन बायकोला दिलेल्या घरावर इराणच्या धर्मपुरोहितांची साक्ष.

याच सुमारास यरुशलेमकडे काय चालले होते? नहेम्या इ.स.पू. ४४५ मध्ये तिथे अधिकारी म्हणून आला. त्याच्या आणि एज्राच्या पुस्तकांत परक्या बायकांविषयीचा राग भरून राहिला आहे. एज्राच्या दहाव्या अध्यायात परजातीच्या बायका आणि त्यांची मुले घालवून देण्याची शपथ घेतली जाते आणि दोषींची नावानिशी यादी दिली जाते; त्यात याजकही आहेत. मला त्या यादीपेक्षा येबचा दस्त अधिक मोलाचा वाटतो. त्या काळी यहुदी असण्याचा एकच मार्ग नव्हता, हे तो दस्त दाखवून देतो, आणि तेही कसलाही वाद न घालता.

सावलीतून उन्हात

इ.स.पू. ४२७च्या जूनमध्ये मशुल्लाम, आता म्हातारा झालेला, तामेत आणि यहोयिश्मा यांच्या मुक्ततेचा दस्त करतो. त्यात तामेतची ओळख अशी दिली आहे: माझी दासी, जिच्या उजव्या हातावर 'मशुल्लामची' अशी खूण आहे. गोंदलेली किंवा डागलेली खूण. बावीस वर्षे संसार केलेल्या, मुले वाढवलेल्या, घरात वाटा असलेल्या बाईच्या हातावर अजून मालकाचे नाव होते. स्वयंपाक करताना, तेल लावताना, दिवा उजळताना ते रोज तिच्या नजरेस पडत असणार.

'माझ्या मरणानंतर तू मोकळी,' मशुल्लाम लिहितो. 'तू सावलीतून उन्हात मोकळी झालीस, तू आणि तुझी मुलगी यहोयिश्मा. तू देवासाठी मोकळी झालीस.' त्याचा मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, कोणीही तिला पुन्हा दासी करू पाहील तर पन्नास कर्श, म्हणजे पाचशे शेकेल, दंड. अनन्याहच्या घराच्या किमतीच्या पस्तीस पटींहून अधिक ही रक्कम होते. एवढा दंड भरणे कोणालाही शक्य नव्हते, आणि तो लावण्यामागे हाच हेतू असावा.

पण मुक्तता फुकट नाही. तामेत आणि यहोयिश्मा उत्तरादाखल लिहून देतात की मुलगा किंवा मुलगी बापाला सांभाळते तशी आम्ही तुझी सेवा करू, तू जिवंत असेपर्यंत. आणि तुझ्यामागे तुझा मुलगा जक्कूर याला सांभाळू. न केल्यास तोच पन्नास कर्शांचा दंड त्यांच्यावर. मालकी गेली आणि तिच्या जागी नाते आले. त्या नात्यालाही कर्तव्याची दोरी बांधलेली होती, हे नजरेआड करू नये. तरीही मी या बदलाला लहान मानणार नाही. दासी विकता येते, तारण ठेवता येते, वारसांत वाटता येते. मानलेली लेक विकता येत नाही.

एक वाक्य या दस्तात अडखळवते. यहोयिश्माचा उल्लेख करताना मशुल्लाम तामेतला म्हणतो, 'जी तू मला जन्माला घातलीस.' म्हणजे मुलगी मशुल्लामची? काही अभ्यासक तसे मानतात. काहींच्या मते ही केवळ मालकाची कायदेशीर भाषा आहे. दासीचे मूल मालकासाठी जन्मते, एवढाच अर्थ. सात वर्षांपूर्वी अनन्याहने यहोयिश्माला आपली मुलगी म्हणून वारसांत घातले होते आणि पुढेही शेवटपर्यंत तो तिला 'माझी मुलगी' म्हणतो. मी दुसऱ्या मताकडे झुकतो. पण पहिले मत खरे असेल, तर अनन्याहने त्या मुलीवर जी माया केली ती आणखी मोठी ठरते.

यहोयिश्माचे लग्न

सात वर्षांनी, इ.स.पू. ४२० मध्ये, यहोयिश्माचे लग्न ठरले. नवऱ्या मुलाचे नावही अनन्याह, हग्गयचा मुलगा. घोटाळा नको म्हणून त्याला अनानी म्हणू, कागदांतही हे छोटे नाव येते. मुलगी दिली कोणी? बापाने नाही, जक्कूरने, म्हणजे मशुल्लामच्या मुलाने. अनानी त्याच्याकडे गेला आणि 'तुझी बहीण यहोयिश्मा' अशी त्याने मागणी घातली. मुक्ततेच्या दस्तातले मानलेले नाते इथे कामाला आले.

या लग्नात मोहर आहे, पूर्ण एक कर्श, दहा शेकेल. लुगडी-वस्त्रांची यादी माप आणि किमतीसह. पितळी-काशाची भांडी, आरसा, पेले, तेलांचे प्रकार, वेताची पेटी, वहाणा, रोख चांदी. सगळे मिळून अठ्ठ्याहत्तर शेकेलच्या वर. आईच्या पेटीत सात शेकेलचे सामान होते. इतकेच नव्हे, वर जिचा उल्लेख केला त्या सधन मिब्टाहियाहच्या लग्नातली बेरीज साडेपासष्ट शेकेल होती. काल-परवापर्यंत दासी असलेल्या मुलीची पाठवणी बेटावरच्या खानदानी मुलीपेक्षा थाटात झाली. अनन्याहने लग्नाच्या थोडे आधी आपल्या घरातला एक भाग तिला वापरायला करून दिला होता, तो वेगळाच.

काडीमोडाचा दंड मात्र आईच्या करारात होता तोच, दोन्ही बाजूंना साडेसात शेकेल. आणि आईच्या करारात नसलेले एक कलम इथे आहे. अनानीला यहोयिश्मावर दुसरी बायको करता येणार नाही. केली तर तोच घटस्फोट धरला जाईल. बायबलमधले कुलपुरुष दोन-दोन, चार-चार बायकांचे नवरे. येबमध्ये मुलीकडच्यांनी सवत नको म्हणून लिहूनच घेतले.

शब्बाथ, वल्हांडण आणि इतर देव

या घरात धर्म कसा पाळला जात होता? कागदांबरोबरच येबला खापरांवर लिहिलेल्या चिठ्ठ्याही सापडल्या आहेत. रोजच्या कामाच्या, घाईघाईत शाईने खरडलेल्या. त्यांतली एक इस्लाह नावाच्या बाईला लिहिलेली आहे: उद्या भाजी पाठवतो आहे, शब्बाथच्या (सातव्या, विश्रांतीच्या) दिवशी होडीवर जा, नाहीतर माल वाया जाईल. आणि पुढे शपथेवर धमकी, याहोच्या जिवाची आण, नाही गेलीस तर तुझा जीव घेईन. एका ओळीत शब्बाथ आहे, याहोची शपथ आहे, आणि शब्बाथच्या दिवशी भाजी उतरवून घ्यायचे कामही आहे. सातव्या दिवसाची आठवण पक्की होती. त्या दिवशी होडीवर जाणे पाप आहे, असे निदान या चिठ्ठी लिहिणाऱ्याला वाटत नव्हते. दुसऱ्या एका खापरावर कोणी विचारतो आहे, तुम्ही वल्हांडण (इजिप्तमधून झालेल्या सुटकेचा सण) कधी करणार ते कळवा. म्हणजे तारीख अजून ठरीव नव्हती, किंवा घरोघरी ठरत होती.

यहोयिश्माच्या लग्नाच्या पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ४१९ मध्ये, हनन्याह नावाच्या माणसाने येबच्या यहुद्यांचा पुढारी यदन्याह याला पत्र पाठवले. पत्रात राजा दुसरा दारयवहू आणि इजिप्तचा इराणी क्षत्रप अर्शामा यांचा हवाला आहे. पत्र फाटके आहे, पण सूचना वाचता येतात: निसान महिन्याच्या पंधरा ते एकवीस तारखांपर्यंत सण पाळा, शुद्ध राहा, काम करू नका, खमीर असलेले काही घरात दिसू देऊ नका. बाहेरून आलेला माणूस सांगतो आहे की सण असा करायचा. मंदिरासमोरच्या घरातल्या तामेतने त्या वर्षी भाकरीचे खमीर बाहेर काढले असेल; तिच्या नवऱ्याचे कामच तसे होते.

कोकणातल्या बेने इस्रायल मंडळींविषयी आपल्याकडे माहिती आहे. ग्रंथ हाताशी नसतानाही त्यांनी शनिवारची सुटी पाळली, घाणे बंद ठेवले, आणि शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. येब आणि कोकण यांत अंतर फार आहे, काळाचे आणि जागेचे. पण पुस्तकाशिवाय धर्म घरात कसा टिकतो हा प्रश्न मराठी वाचकाला नवखा नाही, एवढे मला म्हणायचे आहे.

येबचे यहुदी एकट्या याहोलाच मानत होते का? इ.स.पू. ४००च्या सुमाराची एक वर्गणीची यादी आहे. माणशी दोन शेकेल, देणाऱ्यांत बायकांची नावे भरपूर. शेवटी हिशेब: याहोसाठी १२ कर्श ८ शेकेल, एशेम-बेथेलसाठी ७ कर्श, अनाथ-बेथेलसाठी १२ कर्श. नंतरच्या दोन्ही देवता अरामी लोकांच्या. मिब्टाहियाहने तर एका वादात सुएनेच्या भागातली इजिप्शियन देवी सातेत हिच्या नावाने शपथ घेतली होती. याला भ्रष्ट धर्म म्हणणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही. ही माणसे त्यांच्या काळात, त्यांच्या शेजाऱ्यांत राहून आपला देव सांभाळत होती. एकाच देवाची पूजा ही यहुद्यांच्यातही हळूहळू आणि झगडून घडलेली गोष्ट आहे, आणि येब हा त्या वाटेवरचा एक खरा मुक्काम आहे.

मंदिर पडले

इ.स.पू. ४१०च्या तम्मूझ (जून-जुलै) महिन्यात, अर्शामा राजाकडे गेलेला असताना, ख्नूमच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकारी विद्रंगा याला वश करून याहोचे मंदिर पाडले. वल्हांडणात कोकरू कापले जाते आणि ख्नूम मेंढ्याच्या रूपातला देव, म्हणून हा संताप, असे एक कारण सांगितले जाते. जागेवरून, भिंतीवरून आणि विहिरीवरून चाललेले तंटेही कागदांत आहेत, आणि मला तेच जास्त खरे वाटतात.

तीन वर्षांनी, ४०७च्या नोव्हेंबरात, यदन्याह आणि याजकांनी यहूदाचा, म्हणजे यरुशलेमच्या प्रांताचा, अधिकारी बगवह्या याला अर्ज लिहिला. शेजारच्या शोमरोन प्रांताचा अधिकारी सनबल्लट याच्या मुलांनाही कळवले. घडीव दगडाचे पाच दरवाजे, दगडी खांब, काशाच्या बिजागऱ्या, गंधसरूचे छत, सगळे पाडले-जाळले गेले. सोन्या-चांदीचे कटोरे लुटले गेले. तेव्हापासून आम्ही तागाची पोती पांघरून उपास करतो आहोत, तेल लावत नाही, दारू पीत नाही, आमच्या बायका विधवांसारख्या झाल्या आहेत. सगळ्या वस्तीने मिळून तीन वर्षे सुतक पाळले.

मंदिराच्या सेवकाच्या घरावर याचा काय परिणाम झाला असेल, हे वेगळे सांगायला नको. उत्तर आले ते आखूड होते: मंदिर होते त्याच जागी बांधावे, अन्नबली आणि धूप वाहावा. पशूंच्या होमाचा त्यात उल्लेख नाही. येबच्या लोकांनीही नंतर ते मान्य केले.

शेवटचे दस्त

४०४च्या नोव्हेंबरात अनन्याह, आता म्हातारा, घराचा वाटा आपल्या मरणानंतर यहोयिश्माचा असे लिहून देतो. कारणही लिहितो: मी वयाने थकलो तेव्हा तिने मला सांभाळले. ४०२च्या मार्चमध्ये तोच वाटा तो तिला तिच्या लग्नातल्या देण्याची पुरवणी म्हणून ताबडतोब देऊन टाकतो. आणि ४०२च्या डिसेंबरात अनन्याह आणि तामेत दोघे मिळून घराचा उरलेला भाग जावयाला तेरा शेकेलला विकतात. चतुःसीमांत याहोच्या मंदिराचे नाव पुन्हा आहे.

या विक्रीखतात तामेत विकणारी आहे, नवऱ्याच्या बरोबरीने. आणि तिची ओळख? येबच्या गढीत राहणाऱ्या याहो देवाची सेविका. नवऱ्याला लावली जाई तीच उपाधी, स्त्रीलिंगी रूपात. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात एक वचन आहे की कोणी आपल्या हातावर 'परमेश्वराचा' असे लिहील. तामेतच्या हातावर दुसऱ्याचे नाव होते, ते पुसले गेले नसणार. पण दस्तात आता तिचा मालक म्हणून एका देवाचे नाव लागले, आणि ते तिला कोणी डागून दिलेले नव्हते. त्याच दस्तात तिचा मशुल्लामशी असलेला जुना संबंधही नोंदला आहे, कारण उद्या कोणी मालकीवर बोट ठेवू नये.

हे सगळे कागद गुंडाळून, दोऱ्याने बांधून, मातीची मुद्रा लावून या कुटुंबाने एकत्र ठेवले. १८९३ मध्ये चार्ल्स एडविन विल्बर या अमेरिकन संग्राहकाने ते बेटावर विकत घेतले. तो १८९६ मध्ये वारला. गुंडाळ्या त्याच्या पेटीत पन्नासेक वर्षे तशाच पडून राहिल्या. मुलीच्या मृत्यूनंतर त्या ब्रुकलिनच्या संग्रहालयात आल्या आणि १९५३ मध्ये एमिल क्रेलिंग यांनी त्या प्रसिद्ध केल्या.

गठ्ठ्यातला अखेरचा कागद ४०२च्या डिसेंबरातलाच आहे. जावई अनानी सुएनेला जाऊन पाख्नूम नावाच्या अरामी माणसाकडून गहू उसना आणतो, आणि राजाच्या कोठारातून मिळणाऱ्या शिध्यातून फेडीन असे लिहून देतो. सावकाराच्या नावातच ख्नूम आहे, ज्याच्या पुजाऱ्यांनी आठ वर्षांपूर्वी मंदिर पाडले तोच. दोघे एकाच पलटणीत होते, आणि गहू मिळाला.